विद्यार्थी आणि घर : संघशिक्षणाची पारख

ठाण्यानजीकच्या कोलशेतहून एका वयोवृद्ध वाचकांचें पत्र गेल्या महिन्यांत या सदराकडे आलें. कोलशेत हें खाडीकांठचें जुनें गांव. आधीं आगरी-कोळी मंडळींची वस्ती, पुढें रंग-रसायनांचे कारखाने, आणि आतां त्या परिसरांत उभे राहिलेले उंच इमले, अशीं या गांवाचीं तीन रूपें एकाच पिढीनें पाहिलीं आहेत. पत्रलेखकांचें एकत्र कुटुंब अशाच एका इमल्यांत लगतच्या दोन सदनिका जोडून राहतें. त्यांचा नातू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षांत आहे. त्याच्या महाविद्यालयानें दोन दिवसांचें निवासी शिबिर भरविलें, त्यासाठीं विद्यार्थ्यांकडून वेगळी फी घेतली, आणि ‘टीम बिल्डिंग’चें शिक्षण पूर्ण केल्याचें प्रशस्तिपत्र प्रत्येकाच्या हातीं ठेविलें. मुलें मोठ्या आनंदानें घरीं परतलीं. परंतु पुढच्याच सत्रांत या नातवाच्या पांच जणांच्या गटास एक प्रकल्प करावयाचा होता. त्यांत दोघांनीं सर्व काम ओढलें, दोघे शेवटच्या दिवशीं सही करावयास तेवढे उगवले, आणि पांचवी एक अबोल मुलगी होती, तिचें म्हणणें कोणीं ऐकूनच घेतलें नाहीं. गुण मात्र पांचांसहि सारखेच पडले. “हें शिक्षण खरें कीं खोटें, हें आम्हीं घरच्या माणसांनीं ओळखावें तरी कसें?” असा या आजोबांचा प्रश्न आहे.

प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. फीचे पैसे गेले, ते एक वेळ जाऊं द्या. पण त्या पांच मुलांनीं त्या सत्रांत कांहींच शिकलें नाहीं असें मात्र नव्हे. सहीपुरते आलेले दोघे असें शिकले कीं, कष्टावांचूनहि वांटा मिळतो. राबलेले दोघे असें शिकले कीं, दुसऱ्यावर विसंबणें हा मूर्खपणा आहे. आणि ती मुलगी असें शिकली कीं, आपल्या बोलण्यास किंमत नाहीं. हे तिन्ही धडे शिबिराच्या आठवणीपेक्षां अधिक काळ टिकतात. आणि पुढें हींच मुलें कचेरींत, कारखान्यांत, सोसायटीच्या सभेंत आणि स्वतःच्या संसारांत तेच धडे गिरवितात. म्हणून या शिक्षणाची पारख करणें हें केवळ महाविद्यालयाचें काम नसून घराचेंहि आहे.

महाविद्यालयें असलीं शिबिरें कां भरवितात, हें प्रथम पाहूं. त्यांत केवळ हौस नाहीं. नव्या विद्यार्थ्यांस महाविद्यालयीन जीवनांत रुळविण्यासाठीं विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं ‘दीक्षारंभ’ नांवाची योजना मांडली. तत्पूर्वींच तंत्रशिक्षण परिषदेनें इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठीं तीन आठवड्यांचा प्रारंभिक उपक्रम सुचविला होता. भारत २०१४ सालीं वॉशिंग्टन कराराचा स्थायी सभासद झाला. या कराराप्रमाणें सभासद देशांच्या इंजिनिअरिंगच्या पदव्या परस्परांस मान्य होतात, आणि पदवीधराच्या अंगीं जे गुण असावेत म्हणून त्यांत सांगितलें आहे, त्यांत एकट्यानें तसेंच गटांत राहून काम करण्याची पात्रता हा एक स्पष्ट गुण आहे. नोकरी देणारेहि मुलाखतींत तेंच विचारतात. तेव्हां संघभावनेचें शिक्षण द्यावें, या हेतूंत दोष काढण्यासारखें कांहीं नाहीं. दोष पुढें शिरतो. एखादी गोष्ट अहवालांतील एक ओळ झाली म्हणजे ती घडल्याचा पुरावा ठेवला जातो; तिचें फळ मिळाल्याचा पुरावा कोणी मागत नाहीं. शिबिर झालें, ही एक गोष्ट. शिबिराचा उपयोग झाला, ही निराळी गोष्ट. छायाचित्रें, हजेरीपट आणि प्रशस्तिपत्रें पहिल्या गोष्टीची साक्ष देतात. दुसरीची देत नाहींत.

या शिबिरांत होतें काय? डोळ्यांस पट्टी बांधून मित्राच्या आवाजावर चालावयाचें, पाठीमागें पाहिल्यावांचून स्वतःस सोबत्यांच्या हातांवर झोंकून द्यावयाचें, कागदाच्या नळ्यांचा पूल बांधावयाचा, दोरखंड ओढावयाचा, आणि रात्रीं शेकोटीभोंवतीं बसून मन मोकळें करावयाचें. यांत वाईट असें कांहींच नाहीं. अनोळखी मुलें एकमेकांस नांवानें हांक मारूं लागतात, हा लाभ लहान नव्हे. पण विश्वास हा खेळानें जन्मतो कीं कामानें, याचें उत्तर पाहण्यासाठीं कोलशेतच्या वाचकांस फार दूर जावयास नको. त्यांच्या खिडकींतून दिसणाऱ्या खाडींत, पलीकडच्या काल्हेरच्या बाजूस, अनेक वर्षें रेती काढण्याचें काम बुडी मारणारे मजूर करीत असत. एक जण होडीलगत रोंवलेल्या काठीच्या आधारानें, श्वास कोंडून, गढूळ पाण्यांत तळाशीं जाई आणि बादलींत रेती भरी. वरचा सोबती दोर ओढून ती बादली होडींत घेई. खालच्याचा जीव वरच्याच्या लक्षावर अवलंबून असे. त्या दोघांस कोणीं विश्वासाचा खेळ शिकविला नव्हता. काम असें होतें कीं, प्रत्येकाचा वांटा स्वच्छ ठरलेला, तो न केल्यास परिणाम तत्काळ दिसणारा, आणि एकट्याच्यानें तें काम होणेंच अशक्य. ते कष्ट फार क्रूर होते, त्यांचें कौतुक करून त्यांवर पांघरूण घालण्याचा हेतु नाहीं. परंतु संघ कशानें बांधला जातो, याचें उत्तर त्यांत आहे.

आपल्याकडे मुलांस हें शिक्षण देण्याचे जुने मार्गहि आहेतच. खो-खो पाहा. या खेळाची नियमबद्ध मांडणी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं हातीं घेतली. पाठलाग करणाऱ्या बाजूचे आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांस तोंडें करून चौकांत बसलेले, आणि नववा धांवणारा. धांवणाऱ्यास मधली रेषा ओलांडतां येत नाहीं, कीं घेतलेली दिशा बदलतां येत नाहीं. म्हणून कितीहि चपळ असला तरी त्यास बसलेल्या गड्यास ‘खो’ द्यावाच लागतो. आणि बसलेल्यानें क्षणभर जरी गाफील राहिलें, तरी डाव हातचा जातो. सहकार्य या खेळाच्या नियमांतच ओंवलेलें आहे. त्यावर निराळें व्याख्यान द्यावें लागत नाहीं. दहीहंडीचेंहि तेंच. जोगेश्वरीच्या जय जवान पथकानें २०१२ सालीं ठाण्यांत नऊ थर रचून विक्रम नोंदविला, तेव्हां टाळ्या वरच्या थरास पडल्या. पण गुरुपौर्णिमेपासून आठवडेच्या आठवडे सराव करून खांदे तयार करणारे गडी तळाला होते. त्यांतील अपघातांचीं दुःखद उदाहरणेंहि आपल्यासमोर आहेत, आणि तींहि एक धडा देतात. जेथें यशाचें माप केवळ उंची हें ठरतें, तेथें तळच्या माणसाच्या हाडांचा हिशेब ठेवावयाचें राहून जातें.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुरतें बोलावयाचें तर आपल्यासमोर अर्ध्या शतकाहून अधिक काळचा एक अनुभव आहे. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, २४ सप्टेंबर १९६९ रोजीं, राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारें ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. वर्षाला १२० तास याप्रमाणें दोन वर्षांत २४० तासांचें सेवाकार्य, आणि दत्तक गांवीं सात दिवसांचें विशेष शिबिर, अशी तिची साधारण रचना. बाबा आमटे यांनीं १९६०च्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यांतील सोमनाथ येथें तरुणांच्या श्रमसंस्कार छावणीची प्रथा पाडली, तींतहि सकाळचें श्रमदान हा गाभा आणि व्याख्यानें त्यामागून. या दोन्ही ठिकाणीं संघभावना हा विषय शिकविला जात नाहीं. बांध घालावयाचा असतो, चर खणावयाचा असतो, शंभर माणसांचा स्वयंपाक व्हावयाचा असतो. तें करतां करतां संघ घडतो. अर्थात् या शिबिरांतहि हजेरीपुरते येणारे असतातच. सेवा योजनेच्या नांवाखालीं केवळ छायाचित्रें काढून परतणारीं पथकें कोणीं पाहिलीं नाहींत? म्हणजे योजना चांगली असली तरी पारख चुकवितां येत नाहीं.

आतां शास्त्र काय सांगतें तें पाहूं. मॅक्स रिंगेलमान नांवाच्या एका फ्रेंच कृषि-अभियंत्यानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांस दोर ओढावयास लावून त्यांच्या जोराचें मोजमाप केलें. तें १९१३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यास असें आढळलें कीं, ओढणारे वाढत गेले तसतसा एकूण जोर वाढला खरा, पण माणशीं जोर घटत गेला. आठ जण एकत्र ओढूं लागले तेव्हां प्रत्येकाचा वांटा त्याच्या एकट्याच्या जोराच्या जवळजवळ निम्म्यावर आला. कदाचित् सर्वांचा झटका एकाच क्षणीं बसत नसेल, असा यावर आक्षेप येतो. म्हणून १९७४ सालीं अमेरिकेंत कांहीं संशोधकांनीं निराळी युक्ति केली. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मागें इतर जण ओढीत आहेत असें त्यास भासविलें. प्रत्यक्षांत मागें कोणीच ओढीत नव्हतें. तरीहि त्याचा जोर कमी झाला. लाटाने व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७९ सालीं टाळ्या वाजविण्याच्या व ओरडण्याच्या प्रयोगांत हेंच दाखविलें. पुढें त्यांनींच असेंहि दाखविलें कीं, प्रत्येकाचा आवाज स्वतंत्रपणें मोजला जात आहे असें माणसांस ठाऊक असलें, म्हणजे ही ढिलाई नाहींशी होते. कोलशेतच्या त्या गटांतील दोन मुलें जात्याच लबाड होतीं असें मानण्याचें म्हणूनच कारण नाहीं. कोणाचा वांटा किती हें दिसणारच नाहीं, अशी ज्या कामाची रचना, तें काम बहुतेकांस ढिलें करतें. मुलांच्या स्वभावास दोष देण्यापूर्वीं रचनेकडे पाहिलें पाहिजे.

दुसरा एक प्रयोग याहून बोलका आहे. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांत सुमारें अकरा वर्षांच्या २२ मुलांचें शिबिर भरविलें व त्यांचे दोन गट केले. गटागटांत सामने लावतांच वैर उत्पन्न झालें. निशाणें जाळण्यापर्यंत मजल गेली. मग त्यांस एका पंक्तीस जेवावयास बसविलें, एकत्र चित्रपट दाखविले. पण वैर शमलें नाहीं, उलट पंक्तींतच अन्नाची फेकाफेक झाली. शेवटीं शिबिराचें पाणी बंद पडलें आणि सर्वांनीं मिळून बिघाड शोधावा लागला; अन्न आणावयाची मोटार अडली, तेव्हां सामन्यांत जो दोर दोन बाजूंनीं ओढला होता, तोच दोर सर्वांनीं मिळून एका बाजूनें ओढला. अशा प्रसंगांची मालिका झाल्यावर गट एकमेकांत मिसळले. तात्पर्य इतकेंच कीं, एकत्र मौज केल्यानें संघ होतोच असें नाहीं. सर्वांस हवीशी असलेली, पण एकट्यादुकट्याच्यानें न होणारी अशी खरी निकड समोर असली, म्हणजे तो होऊं लागतो.

मग शिबिरांचा उपयोग होतो कीं नाहीं? याविषयीं अनेक अभ्यास एकत्र करून निष्कर्ष काढणारे दोन मोठे आढावे आहेत. सालास व त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९९च्या आढाव्यांत, असल्या शिक्षणाचा गटाच्या प्रत्यक्ष कामगिरीवर एकंदरींत लक्षणीय परिणाम आढळला नाहीं. ज्या अभ्यासांत माणसांस “तुमचें काम सुधारलें काय?” असें विचारलें होतें, तेथें थोडी सुधारणा दिसली, जेथें काम प्रत्यक्ष मोजलें होतें, तेथें ती दिसली नाहीं. याच शिक्षणाचा एक प्रकार मात्र फलदायी ठरला: कोणीं काय करावयाचें हें स्पष्ट ठरविणें. पुढें क्लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००९च्या आढाव्यांत अधिक आशादायक चित्र दिसलें. मध्यम प्रतीचा लाभ आढळला, तो विशेषतः परस्परांविषयींच्या भावनांत व काम करण्याच्या पद्धतींत. तेथेंहि उद्दिष्ट निश्चित करणें व वांटणी स्पष्ट करणें हेच प्रकार सर्वांत सरस ठरले. म्हणजे शिबिराचा उपयोग नाहींच असें नव्हे. मन जुळविण्याचे खेळ मन जुळवितात, पण काम जुळविण्यास कामाचीच बैठक मारावी लागते.

पारख करतांना जे घोटाळे होतात, ते आतां ध्यानांत घ्यावेत. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनीं १९५९ सालीं शिक्षणवर्गांच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्यास तें आवडलें काय, तो कांहीं शिकला काय, त्याचें वागणें बदललें काय, आणि त्या बदलानें कामाचें फळ सुधारलें काय. शिबिराच्या अखेरीस मुलांकडून जो कागद भरून घेतात, तो पहिल्याच पायरीवर थांबतो. दोन दिवस अभ्यासांतून सुटका, डोंगरावरची हवा आणि मित्रांची संगत. कोणता मुलगा त्यावर ‘उत्तम’ असें लिहिणार नाहीं? दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म आहे. शिबिरापूर्वीं मुलास “तूं इतरांचें कितपत ऐकून घेतोस?” असें विचारलें, तर तो स्वतःस दहापैकीं आठ गुण देतो. शिबिरांत ऐकून घेणें म्हणजे काय हें त्यास कळतें, आणि नंतर तो प्रामाणिकपणें सहाच देतो. कागदावर तो बिघडला. वस्तुतः त्याची मापकाठी बदलली. यावर उपाय असा कीं, नंतरच विचारावें: आज तूं कोठें आहेस, आणि आतां मागें वळून पाहतां तेव्हां कोठें होतास? तिसरा घोटाळा काळाचा. जीं मुलें एक सत्र एकत्र काम करतात, तीं शिबिरावांचूनहि थोडीं सुधारतातच. ती सुधारणा शिबिराच्या खात्यावर जमा करणें म्हणजे पावसानें आलेलें पीक ताइताच्या नांवें लिहिणें होय. आणि चौथा, मोजणीचा: साठ मुलांचे बारा गट केले, तर पारख बारा गटांची होते, साठांची नव्हे, बारांच्या आधारें मोठा दावा करतां येत नाहीं.

यावर उपाय महाविद्यालयाच्या आटोक्यांतला आहे. त्यास तज्ज्ञ कंपनी बोलवावी लागत नाहीं. एकाच वर्गाच्या दोन तुकड्या असल्या, तर एकीस शिबिर ऑगस्टांत द्यावें, दुसरीस डिसेंबरांत. कोणीहि वंचित राहत नाहीं, आणि मधले चार महिने तुलनेस मिळतात. शिबिरापूर्वीं व नंतर दोन्ही तुकड्यांतील गटांस एकाच जातीचें, ठराविक वेळेचें काम द्यावें, आणि कोणती तुकडी शिबिरास गेली हें ज्यांस ठाऊक नाहीं, अशा दोन शिक्षकांनीं तें पाहावें. काम कितपत उतरलें एवढेंच न पाहतां, किती जण बोलले, कोणाचें म्हणणें मध्येंच तोडलें गेलें, चूक निघाली तेव्हां ती कोणाच्या माथीं मारली गेली, हेंहि टिपावें. सत्राच्या अखेरीस प्रत्येकानें आपल्या गटाचे शंभर गुण सोबत्यांत गुप्तपणें वांटून द्यावेत व आपल्या कामाची दोन ओळींची नोंद जोडावी. दोस्तीखातर सारखे गुण वांटणारेहि निघतील. पण नोंदीशीं ताडून पाहिलें म्हणजे बहुतेक सत्य वर येतें. आणि तीन महिन्यांनीं पुन्हां एकदां पाहावें. कारण शेकोटीची ऊब तोंवर गेलेली असते आणि उरलेलें तेंच खरें. या सर्व खटाटोपास जो वेळ लागेल, तोच मुळीं एका दृष्टीनें उत्तम संघशिक्षण आहे. कारण आपला वांटा पाहिला जात आहे, हें मुलांस त्यांतून कळतें.

पालकांनीं फीचा कागद हातीं आला म्हणजे चार प्रश्न विचारावेत. शिबिरांत जे गट होतील, तेच पुढें प्रकल्पांत एकत्र राहणार काय? शिबिरानंतर कोणता शिक्षक त्यांचा पाठपुरावा करणार? प्रकल्पांत कोणाचें काम किती, हें कसें ठरणार? आणि मागील वर्षीच्या शिबिराचा काय परिणाम दिसला? या चारांस उत्तरें मिळालीं, तर पैसे आनंदानें द्यावेत. न मिळालीं, तर शिबिरास सहल म्हणावें. सहलहि हवी असते, पण तिचा दर सहलीचा असावा. आणखी एक गोष्ट मुलांस आपण घरीं सांगितली पाहिजे. गट निवडण्याची मोकळीक मिळाली, तर आपलीं मुलें बहुधा आपल्यासारख्याच घरांतील, आपल्याच बोलीचीं मुलें निवडतात. तेथें काम सुखानें होतें, पण शिकणें थोडें होतें. ज्याचें आडनांव, पोशाख, ताटांतला पदार्थ आणि बोलण्याची ढब निराळी आहे, त्याच्यासह काम पार पाडणें, हीच संघभावनेची खरी परीक्षा. आणि तींत आपल्या घरांतील मुलांनीं मागें राहूं नये.

शेवटीं आपल्या स्वतःच्या घराकडे वळूं. एकत्र कुटुंब हीच संघभावनेची पहिली शाळा, असें आपण अभिमानानें म्हणतों, आणि त्यांत पुष्कळ तथ्य आहे. वांटून खाणें, थोरांपुढें दोन पावलें मागें सरणें, आजाऱ्याची रात्रपाळी वांटून घेणें हें सर्व मुलें घरींच पाहतात. पण रिंगेलमानचा दोर आपल्या माजघरांतहि ताणलेला असतो. सणाच्या दिवशीं वीस पानें उठतात, सर्व जण “आम्हीं मिळून सण साजरा केला” असें म्हणतात; मात्र पहाटे चारला उठून ओट्याशीं उभी कोण राहिली, आणि सर्वांत शेवटीं, थंड झालेल्या अन्नावर, जेवावयास कोण बसली, याचा हिशेब ठेवला तर तो प्रायः एकदोन सुनांच्या नांवें निघतो. बाकीच्यांचें प्रेम खोटें नसतें. त्यांच्या वांट्याला नांवच दिलेलें नसतें, म्हणून तो कोणासहि दिसत नाहीं. जो मुलगा घरीं आयत्या पानावर बसतो आणि उठतांना ताटहि उचलीत नाहीं, तो महाविद्यालयांत सहीपुरता उगवला तर नवल कसलें? आणि ज्या घरीं मुलीचें बोलणें “तुला काय कळतें?” म्हणून तोडलें जातें, त्या घरची मुलगी प्रकल्पाच्या बैठकींत तोंड कसें उघडील?

तेव्हां कोलशेतच्या आजोबांस, आणि त्यांच्या निमित्तानें सर्व वाचकांस, आमचें सांगणें असें. नातवाच्या प्रशस्तिपत्राची चौकट भिंतीवर लावूं नका, आणि रागानें तें फाडूंहि नका. त्यास जवळ बसवून विचारा, कीं पुढच्या प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशीं कोणीं काय करावयाचें हें तुम्हीं लिहून काढाल काय, त्याची एक प्रत शिक्षकांच्या हातीं द्याल काय, आणि त्या अबोल मुलीस सर्वांत आधीं बोलावयास सांगाल काय? आणि येत्या सणास घरच्या कामांचीहि तशीच यादी करावी, तींत आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाचें नांव असावें, व सण झाल्यावर ती यादी सर्वांसमक्ष वाचावी. ज्याच्या नांवापुढें कांहींच लिहिलेलें नसेल, त्यास दुसऱ्या कोणीं बोल लावण्याची गरज राहणार नाहीं.